मेजर म्हातारा होईपर्यंत

स्कॉटलंडचा एक मेजर अंधेरीत मराठी बोलायला शिकला. मरोळच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटीत, खाली मिरची कांडायची गिरणी आणि वर आमचा स्टुडिओ, अशा ठिकाणी. शिकवणारी मी. मेजर बिचारा कधीच वारला होता, त्यामुळे त्याची तक्रार आली नाही. तक्रारी आल्या त्या जिवंत लोकांच्या, आणि त्यातही ज्यांना मराठीत 'पाणी द्या' याच्या पुढे जाता येत नाही अशांच्या.

दिवाळी अंकाचे संपादक फोनवर म्हणाले, शुभाताई, सगळी कारकीर्द येऊ दे, अगदी पहिल्यापासून. मी म्हटलं, पहिल्यांदा मी एका शाम्पूला मराठी केलं आणि शेवटी एका मगरीला. मधलं सगळं लिहीत बसले तर तुमचा वाचक हातातली चकली टाकून उठेल. त्यापेक्षा एकट्या मेजरचं सांगते. त्यात धंदाही येईल आणि धंद्यातली माणसंही येतील.

डबिंग म्हटलं की लोक पहिला प्रश्न विचारतात, "म्हणजे कार्टून ना?" माझ्या सख्ख्या नणंदेनेही बोरिवलीच्या घरात बसून तीस वर्षं हाच प्रश्न विचारला. हो बाई, कार्टून. पण कार्टूनखेरीज परदेशातले राजे, खुनी, डॉक्टर, अस्वलं आणि स्वयंपाक करणारे गोरे बल्लवाचार्य हेही मराठी बोलतात, आणि ते आपोआप बोलत नाहीत. कोणीतरी आधी त्यांचं बोलणं मराठीत लिहून काढतं. ती मी. मग ते काचेच्या खोलीत उभं राहून कोणीतरी बोलतं, आणि काचेच्या बाहेर बसून कोणीतरी त्याला "परत" म्हणतं. ते म्हणणारीही मीच.

लिहिणं म्हणजे नुसतं भाषांतर नव्हे. गोऱ्याचे ओठ मिटले की आपल्या वाक्यात तिथे प, ब, म असलं काहीतरी यावं लागतं. त्याने तोंड उघडं ठेवून वाक्य सोडलं, तर आपल्यालाही तोंड मिटता येत नाही. तो दोन शब्दांत शिवी देतो आणि आपल्याला तेवढ्याच जागेत सभ्य मराठी बसवायचं असतं, कारण चॅनेलला शिवी चालत नाही, फक्त शिवीतला राग हवा असतो. कलाकार एकेकटे येतात. बायको सोमवारी येऊन रडून जाते, नवरा गुरुवारी येऊन तिची समजूत काढतो, आणि दोघं एकमेकांना जन्मात भेटत नाहीत. खऱ्या संसारांतही मी याहून फार वेगळं काही पाहिलेलं नाही.

शब्दांखेरीज तोंडातून जे काही निघतं, म्हणजे धाप, ठसका, कण्हणं, घास गिळणं, त्याला आमच्यात 'एफर्ट्स' म्हणतात. या एफर्ट्सना मोठे कलाकार नाक मुरडतात. घसा बसतो, आणि त्यात नाव होत नाही. मग ते काम कोणाकडे जातं? दिगू परबकडे.

दिगंबर परब, राहणार विक्रोळी. वडील कुडाळकडून कापडगिरणीत आले, गिरणी गेली, मुलगा विक्रोळीच्या एका कारखान्यात फिटर झाला. कामगारांच्या नाट्यस्पर्धेत त्याला कोणीतरी पाहिलं आणि आमच्याकडे पाठवलं. शिफ्ट सुटली की तो मरोळला यायचा, गर्दीतले आवाज करायचा, आणि मरायचा. मरण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. पाण्यात बुडून मरणं वेगळं, गोळी लागून वेगळं, विष घेऊन वेगळं, हे तो असं समजावून सांगायचा जणू रोजचाच अनुभव आहे. सैनिक नंबर दोन, दरोडेखोर नंबर चार, नकाशा हातात घेऊन पहिल्याच भागात दरीत पडणारा वाटाड्या, हे सगळे दिगू. वाक्य असलंच तर एखादं, आणि तेही "सांभा..." इथवरच.

त्याला मोठी भूमिका का मिळाली नाही, तर त्याच्या बोलण्यात कोकण होतं. वाक्य संपताना सूर जरासा वर उचलायचा, बस्स, एवढंच. पण आमच्या धंद्यात शुद्ध मराठीचा फार दरारा. शुद्ध म्हणजे काय हे कोणाला ठाऊक नाही, पण दिगूचं नाही एवढं सगळ्यांना ठाऊक. आफ्रिकेतला सिंह चालेल, त्याने पुण्याच्या प्राध्यापकासारखं बोललेलंही चालेल, पण त्याला कुडाळचा हेल नको.

दिगूची आई तेव्हा नव्वदीला टेकलेली. काचबिंदूने डोळे गेलेले. टीव्ही तिच्यासाठी रेडिओच होता, पण मुलाचा आवाज ती शंभरांतून ओळखायची. दिगूने कितीही घोगरा केला, चिरका केला, तरी ही बसल्या जागी सांगणार, "ह्यो माझो झील." आणि ओळखतेय तोवर तो मेलेला असायचा. मग ती सुनेला म्हणायची, बंद कर. दिगू घरी आला की पहिला प्रश्न, "आज परत मेलंस?" हे तो आम्हाला चहा पिताना हसत हसत सांगायचा. एकदा मात्र हसता हसता थांबला. आई त्याला म्हणाली होती, "मर बापडा, तुझा काम तां. पण एकदा तरी म्हातारो होवन मर." दिगूने कप खाली ठेवला आणि म्हणाला, ताई, एक तरी माणूस द्या हो, लहानपणापासून म्हातारपणापर्यंतचा. मी म्हटलं, देते. असं मी बऱ्याच जणांना म्हणत असते.

मग मेजर आला.

ती मालिका होती मेजरच्या आयुष्यावर. ज्ञानबिन देणारं एक चॅनेल नव्याने मराठीत येत होतं, त्यांनी ती विकत घेतली. मेजरचं आयुष्य थोडक्यात असं. स्कॉटलंडच्या उत्तर टोकाला एका मासेमारीच्या गावात जन्म. बाप होडीवाला. पोरगा पलटणीत गेला, वाळवंटात लढला, खांद्यात गोळी घेऊन परत आला. आला तर गावचं बंदर बंद करायचं घाटत होतं. चिडून निवडणुकीला उभा राहिला आणि निवडून आला. लंडनच्या पार्लमेंटात लोक त्याच्या बोलण्याला हसले. पुढे मंत्री झाला. बंदराला भिंत बांधून देऊ असं त्याने गावाला वचन दिलं होतं. सरकार फिरलं, तेव्हा भर सभागृहात राजीनामा देऊन गावी निघून आला. म्हातारपणी अर्धांगाचा झटका आला, वाचा गेली, आणि समुद्राकडे तोंड करून वारला.

यातलं राजीनाम्याचं प्रकरण चॅनेलला पटेना. दुसऱ्या पक्षात गेला का? नाही. चौकशी लागली होती का? नाही. मग राजीनामा का दिला? मी म्हटलं, वचन दिलं होतं म्हणून. मग मला सांगण्यात आलं की हे आपल्या प्रेक्षकांना कळावं म्हणून निवेदनात एखादं वाक्य जास्तीचं घाला. मी घातलं. मतदारांना दिलेला शब्द पाळण्यासाठी मंत्रिपद सोडणारी माणसं असतात, असं एक वाक्य मी लिहिलं, आणि लिहिताना मलाच ते परीकथेतलं वाटलं.

मूळ मालिकेत मेजरचं इंग्रजी लंडनवाल्यांसारखं नाही. जाडंभरडं, खडबडीत, समुद्रावरचं. तो पलटणीत तसाच बोलतो आणि पार्लमेंटातही तसाच बोलतो, आणि मालिकेचा सगळा जीव त्यात आहे. मी ठरवलं, लंडनवाले आपले छापील मराठी बोलतील आणि मेजर बोलेल दिगूसारखं. मालवणी नाही, मराठीच, पण बाप होडीवाला होता हे कळेल असं. आवाजाची चाचणी पाठवली. चॅनेलने दुसऱ्याच दिवशी होकार दिला. कोणी ऐकलीच नव्हती, हे मला नंतर समजलं.

दिगूला सांगितलं तेव्हा त्याने आधी विचारलं, "मरता कधी?" मी म्हटलं, शेवटच्या भागात, ऐंशीच्या पुढे गेल्यावर, घरच्या खुर्चीत. तो तडक उठला. खाली गेला आणि गिरणीवाल्यापासून वॉचमनपर्यंत सगळ्यांसाठी वडापाव घेऊन आला. घरी आईला सांगितलं, आये, ह्या खेपेक म्हातारो होतंय. म्हातारीने आख्ख्या बिल्डिंगला सांगितलं.

काम सुरू झालं. आज रेकॉर्डिंग आणि पुढच्या रविवारी सकाळी टीव्हीवर, अशी आमची ऐटदार योजना. साउंडप्रूफ स्टुडिओ आमचा, पण विमानतळ जवळ. दर थोड्या वेळाने विमान डोक्यावरून जायचं आणि काच थरथरायची. मग रेकॉर्डिस्ट मेल्विन हात वर करायचा आणि आम्ही सगळे पुतळे व्हायचो. युद्धाच्या भागात मात्र त्याने हात वर करायचं सोडून दिलं. म्हणाला, विमानं फुकट मिळतायत, असू देत.

गोळीच्या प्रसंगाला गंमत झाली. मेजरला खांद्यात गोळी लागते, तो पडतो, पडद्यावर अंधार होतो. दिगूने श्वास ओढला, कण्हला, घशात घरघर आणली, शेवटचा उसासा सोडला आणि मान टाकून उभा राहिला. अप्रतिम मेला. मी काचेवर टकटक केली. "दिगू, तो मेला नाहीये. अजून निवडणूक लढवायची आहे त्याला." दिगू एवढा ओशाळला की विचारू नका. इतक्या वर्षांत गोळी लागल्यावर पुढे काय करायचं असतं ते त्याला कोणी विचारलंच नव्हतं. नुसतं जखमी व्हायला त्याला अर्धा दिवस लागला. दर वेळी सवयीने जीव जायचा.

पण पुढे जमलं. गड्याने मेजर असा धरला की मी "परत" म्हणायची विसरायला लागले. जखमी मेजर आईला भेटतो तो प्रसंग, बंदरावर उभा राहून कोळ्यांना "मला काही येत नाही, पण मी तुमच्यातून उठून कुठे जाणार नाही" असं सांगतो ते भाषण. बोलताना दिगू पडद्याकडे बघतच नव्हता, तरी ओठ तंतोतंत जुळत होते. पाच भाग झाले. मेजर निवडून आला. विक्रोळीला दर रविवारी म्हातारीच्या खोलीत शेजारीपाजारी जमायला लागले.

आणि मग चॅनेलने ऐकलं.

चॅनेलची रिधिमा नावाची मुलगी मराठी विभागाची प्रमुख होती. तिला मराठी येत नव्हतं, पण मराठीचा फील येतो असं ती स्वतःच म्हणायची. वयाने लहान, वागायला गोड, आणि निर्णय घ्यायला अजिबात न घाबरणारी. ती स्टुडिओत आली, पाचवा भाग ऐकला, सहाव्याची सुरुवात पाहिली. मेजर लंडनच्या स्टेशनवर उतरतो. तिने तोंड भरून कौतुक केलं आणि मग मुद्द्यावर आली. हा आवाज सोल्जर म्हणून एकदम ओरिजिनल आहे, पण आता तो लीडर झाला, आता आवाजात जरा क्लास हवा. पुढच्या भागांसाठी त्यांनी एका गाजलेल्या सिरियलमधला नट ठरवला होता.

मी म्हटलं, अगं, माणूस तोच आहे.

"हाँ मॅम, पर अब उसने सूट पहना है ना."

मी तिला समजावलं. म्हटलं, पुढच्याच प्रसंगात लंडनवाले त्याच्या बोलण्याला हसतात, आता ते कशाला हसतील? तिने मान डोलावली. म्हणाली, पॉइंट आहे. पण नटाच्या तारखा घेऊन झाल्या होत्या, आणि तारखांपुढे पॉइंट टिकत नाही. मी आवाज चढवला, तिने समजूतदारपणे ऐकून घेतलं. फौजेतल्या माणसाचा राजकारणात गेल्यावर आवाज बदलतो, यात कोणाला काही वावगं वाटलं नाही. आपल्या लोकांनी आजूबाजूला एवढं पाहिलंय की त्यांना ते नैसर्गिकच वाटलं असेल. मेजरने तत्त्वासाठी राजीनामा दिला. मी दिला नाही. मी फक्त तो मराठीत केला.

दिगूला सांगणं माझ्याकडे आलं. तो नेहमीप्रमाणे वेळेआधी येऊन जिन्याजवळ बसला होता, सहाव्या भागाचे कागद हातात घेऊन ओठ हलवत. मी सांगितलं. उगाच गोड करून नाही सांगितलं, ते मला जमत नाही. तो ऐकत राहिला. कागदांच्या कडा गुडघ्यावर आपटून सारख्या केल्या आणि मला परत दिले.

"बरा आसा," तो म्हणाला. "पण ताईनू, आवशीक काय सांगू?"

आईचं नाव निघाल्यावर मी हातातले कागद उगाच मोजायला लागले. खाली मिरची कांडत होते, डोळे झोंबत होते. ते एक बरं झालं.

मग तो उठला आणि नेहमीसारखं "येतंय" म्हणून गेला. आपल्याकडे घरातून निघताना 'जातो' कोणी म्हणत नाही, दिगू स्टुडिओतूनही तसं म्हणायचा नाही. इतर जण "बाय" करायचे, हा "येतंय". त्या दिवशी मला वाटलं, आता हा काही यायचा नाही.

सिरियलमधला नट म्हणजे अभिराज. सिरियलमध्ये तो एका श्रीमंत घरातला कर्तापुरुष होता आणि दर भागात "या घराची एक मर्यादा आहे" असं सांगायचा. गरम पाण्याचा थर्मास, गळ्याला मफलर, सोबत एक माणूस फक्त मोबाइल धरायला. मनाने वाईट नव्हता, उगाच खोटं कशाला बोलू. कामही चोख. त्याचा मेजर लंडनला उतरला तो जणू इंग्लंडच्या राणीच्या मांडीवर वाढलेला. सभासद त्याच्या बोलण्याला हसतात तो प्रसंग आला. मेजर त्यांना म्हणतो, हसा, पण ज्यांनी मला इथे पाठवलं ती माणसं अशीच बोलतात. अभिराजने हे वाक्य इतक्या शुद्ध, इतक्या घोटीव मराठीत टाकलं की मेल्विनने हेडफोन काढून माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, ओके, पुढे. चॅनेलकडून खास फुलांचा गुच्छ आला, अभिराजसाठी.

त्या रविवारी विक्रोळीला जे झालं ते मला दिगूच्या बायकोने, सुलभाने, फोनवर सांगितलं. मालिका लागली. शेजारी बसले होते. मेजर बोलायला लागला तशी म्हातारीने मान वाकडी केली.

"ह्यो कोण?"

शेवटी सुलभा म्हणाली, आये, तोच आहे, आता मोठा साहेब झालाय. म्हातारी थोडं ऐकत राहिली. मग म्हणाली, "तो माझो झील नाय. माझ्या झिलाक मधीच मारल्यानी." आणि सुनेला टीव्ही बंद करायला लावला. शेजारी आपापल्या घरी गेले. पुढच्या रविवारी कोणी जमलं नाही. मेजरचा राजीनामा महाराष्ट्रातल्या काही घरांत पोचला असेल, त्या घरात नाही पोचला.

शेवटचा भाग रेकॉर्डिंगला आला तेव्हा अभिराजने कागद उलटसुलट करून पाहिले. मेजरला एकही वाक्य नव्हतं. झटक्याने वाचा गेलेली. बायको बोलते, डॉक्टर बोलतो, गावातले भेटायला येतात ते बोलतात, आणि मेजर सगळा भाग नुसता श्वास घेतो, कण्हतो, काहीतरी सांगायला जातो आणि सांगू शकत नाही. अभिराजने अगदी सभ्यपणे विचारलं की यात माझ्यासाठी काय आहे. शिवाय एफर्ट्स त्याच्या करारात बसत नव्हते. मी रिधिमाला फोन लावला. ती गाडीत होती.

"किसी से भी करा लो मॅम. सिर्फ साँसें हैं."

मी जोरात हसले. मेल्विनला वाटलं मला वेड लागलं. एका मंत्र्याचं बोलायचं काम एकाकडे आणि श्वास घ्यायचं दुसऱ्याकडे, अशी वाटणी आपल्याकडे जिवंत मंत्र्यांचीही असते म्हणा. मी दिगूला फोन केला आणि म्हटलं, ये, तुझा मेजर म्हातारा झालाय.

आला. कशाला येऊ, असं एकदाही म्हणाला नाही. त्याने आधी सगळा भाग आवाज बंद करून पाहिला. मग आत गेला, डाव्या गालावर तळहात दाबून धरला, म्हणजे अर्धं तोंड लुळं पडेल, आणि सुरू झाला. मी त्याला इतक्या वेळा मरताना पाहिलंय, पण हे मरणं नव्हतंच. हा माणूस जगत होता. बायको चमच्याने पेज भरवते तिथला घास, गावातला जुना होडीवाला दारात दिसतो तिथे आत ओढलेला श्वास, बोलायची धडपड फसल्यावरचा तो चिडलेला हुंकार. त्या हुंकारात वाळवंटही होतं आणि बंदरावरचं भाषणही. मधले भाग दुसऱ्याने केलेत, हे मी विसरले. एक विमान गेलं. मेल्विनने हात वर केला नाही. मी पाहिलं तर तो डोळे पुसत होता. मीही रडले, आणि मला त्याची लाज वाटली नाही.

शेवटी मेजर खुर्चीत समुद्राकडे बघतो. त्याचे ओठ हलतात. मूळ मालिकेत आवाज नाही, नुसती हवा. मी कागदावर लिहिलं होतं, "श्वास". दिगूने श्वास घेतला, आणि सोडताना त्यातून एक शब्द आला. पुसट, पण आला.

"येतंय."

मेल्विनने विचारलं, ठेवायचं? मी म्हटलं, ठेव. चॅनेलने तो भाग तपासून शेरा पाठवला की संवाद नसल्यामुळे भाषेच्या चुका नाहीत, उत्तम.

दिगूने जाताना मला बजावलं की घरी यातलं काही कळू द्यायचं नाही. आई आता टीव्हीकडे कान देत नाही तेच बरं. एवढ्या वयात तिला परत मेलेलं कशाला ऐकवायचं? मी म्हटलं, बरं. रविवारी सकाळी केळ्यांचा घड घेऊन मी विक्रोळीला हजर.

दिगू मासे आणायला गेला होता. रविवार, आणि मालिकेची वेळ, त्यामुळे तो जास्तच लांबच्या बाजारात गेला असणार. म्हातारी खाटेवर बसली होती, मला हाताने चाचपून म्हणाली, ताई, तुमी मारलास माझ्या झिलाक. मी म्हटलं, आजी, मी नाही, साहेबांनी मारलं. ती म्हणाली, साहेब खंय ऱ्हवतत? मला पत्ता सांगता आला असता, पण म्हातारी काठी घेऊन निघाली असती. मी सुलभाला खूण केली. तिने टीव्ही लावला.

म्हातारी वैतागली. कशाक लावतंस, तो माझो झील नाय. टीव्हीवर मेजरची बायको बोलत होती, डॉक्टर बोलत होता. म्हातारीने तोंड भिंतीकडे केलं. मग बायको गप्प झाली आणि खोलीत नुसता श्वास राहिला. अर्ध्या तोंडाने घेतलेला, अडखळत, ओढत.

म्हातारीची मान हळूच फिरली.

"इलो," ती म्हणाली.

मग ती हलली नाही. पेज गिळली तेव्हा तिचाही घसा हलला. होडीवाला आला तेव्हा तिने पदर नीट केला. मेजर चिडून हुंकारला तेव्हा ती हसली. म्हणाली, लहानपणी असोच करी. मी सुलभाकडे बघितलं नाही, सुलभाने माझ्याकडे बघितलं नाही.

समुद्र आला. श्वास लांबत गेला, दोन श्वासांत अंतर पडायला लागलं. इतक्या वर्षांची सवय, सुलभाचा हात आपसूक रिमोटकडे गेला. रिमोट उचलल्याचा आवाज म्हातारीने ऐकला.

"रवांदे," ती म्हणाली. "ह्या खेपेक म्हातारो होवन जाता."

तेवढ्यात दाराशी दिगू येऊन उभा राहिला. हातात माशांची पिशवी, त्यातून पाणी ठिबकत होतं. त्याने मला पाहिलं, टीव्ही पाहिला, आणि तो जागीच थांबला. टीव्हीतला म्हातारा ओठ हलवत होता.

"येतंय."

म्हातारीने टीव्हीच्या दिशेने हात थोडा वर केला, मुलगा सकाळी कामावर निघताना करायची तसाच.

"ये," ती म्हणाली. "सावकास ये."